वीस मिनिटं झाली होती आणि आकडा नऊ होता

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं, चालू असताना मॉनिटरवर नेमकं कुठे बघायचं, असं नवे रजिस्ट्रार, म्हणजे आमचे निवासी डॉक्टर, मला नेहमी विचारतात. बहुतेकांची नजर ईसीजीवर खिळलेली असते. पण ईसीजी फसवतो. हृदयात वीज व्यवस्थित धावत असते आणि रक्त मात्र तसूभरही पुढे सरकत नसतं. मी त्यांना खालची रेषा बघायला सांगते. ती कॅप्नोग्राफची रेषा, रुग्णाच्या उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड आहे ते दाखवणारी. तिच्या शेजारी एक आकडा असतो. आम्ही त्याला 'एंड टायडल' म्हणतो. निरोगी माणसात तो ३५ ते ४५ असतो, मोजमाप रक्तदाबासारखंच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. रक्त फिरतंय का आणि फिरतंय तर साधारण किती, हे सीपीआर न थांबवता क्षणोक्षणी सांगणारं इतकं सोपं साधन दुसरं नाही. तरीही याच आकड्यावर विसंबून एका बाईवरचे प्रयत्न थांबायच्या बेतात आले होते. ती केस मी रजिस्ट्रारना सांगते, तशीच इथे सांगते आहे. रुग्णाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बाई चाळिशीतली. घोट्याचं हाड मोडलं होतं म्हणून गुडघ्याखाली प्लॅस्टर, दुसरा आठवडा चालू. दोन दिवस दम लागत होता, त्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली म्हणून नवऱ्याने आणलं. अपघात विभागात आली तेव्हा बोलत होती. नाडी १३०, वरचा रक्तदाब ९० च्या आत-बाहेर, ऑक्सिजन ८६. ड्यूटीवरच्या इंटर्नने छातीच्या सीटी स्कॅनचा फॉर्म भरला आणि त्यावर 'पल्मनरी एम्बोलिझम?' असं, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याची शंका, प्रश्नचिन्हासकट लिहिलं. ट्रॉली हलवायची तयारी झाली तेवढ्यात ती म्हणाली, "मला बसवा, मला बसवा," आणि तिचे डोळे फिरले. मॉनिटरवर ठोके दिसतच होते, मिनिटाला ११० च्या वेगाने, बारीक आणि नीटनेटके. मानेला हात लावला तर नाडी नाही. याला पल्सलेस इलेक्ट्रिकल अॅक्टिव्हिटी म्हणतात, आमच्या बोलण्यात पीईए. यात शॉक देऊन उपयोग नसतो. छाती दाबायची, अॅड्रिनलिन द्यायचं आणि कारण शोधायचं.

मी आयसीयूतून धावत पोचले तोवर एका ब्रदरने स्टुलावर चढून छाती दाबायला सुरुवात केलेली होती. हृदय बंद पडल्यापासून दाबायला लागेपर्यंत अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. ही गोष्ट मी मनात नीट नोंदवून ठेवली, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे राहतात. रस्त्यात पडलेला, पंधरा मिनिटं कोणी हात न लावलेला माणूस आणि आपल्या डोळ्यांसमोर कोसळलेला माणूस, या दोघांच्या मेंदूचं घड्याळ एका वेळी सुरू झालेलं नसतं.

रजिस्ट्रारने ट्यूब टाकली, मी कॅप्नोग्राफचा सेन्सर जोडला. सेन्सरमधून इन्फ्रारेड प्रकाश जातो, कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्यातला ठरावीक भाग शोषून घेतात आणि किती शोषला त्यावरून आकडा निघतो. दोन-तीन श्वासांनंतर पडद्यावर उंचवटे उमटले. बुटके, पण आकाराने बरोबर. एकदम चढ, वर सपाटी, एकदम उतार. म्हणजे ट्यूब श्वासनलिकेतच होती. अन्ननलिकेत गेली असती तर रेषा सपाट झाली असती. आकडा दिसला ८.

हा आकडा नेमका कशाचा, ते इथे सांगायला हवं. शरीरातल्या पेशी कार्बन डायऑक्साइड तयार करत राहतात, स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसात मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर. शिरांमधलं रक्त तो उचलतं, हृदयाच्या उजव्या बाजूत आणतं, तिथून फुप्फुसात, आणि फुप्फुसातून तो उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. हृदय थांबलं की पेशी लगेच थांबत नाहीत. रहाट थांबला म्हणून विहीर आटत नाही, पाणी फक्त वर येत नाही, तसंच हे. श्वास एका ठरावीक वेगाने देत राहिलं तर उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड येतो, हे मुख्यतः फुप्फुसातून किती रक्त जातं यावर ठरतं. उत्तम सीपीआरमध्येही हृदय नेहमीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच रक्त पुढे ढकलतं. त्यामुळे ३५ ची अपेक्षा कोणी करत नाही. १० च्या वर ठेवा, जमल्यास २० च्या वर न्या, असं आम्ही म्हणतो. हृदय स्वतःहून चालू झालं की शरीरात साठून राहिलेला वायू एकदम फुप्फुसात येतो आणि आकडा अचानक उसळी मारतो. नाडी तपासायला हात थांबवण्याआधी ती उसळीच बातमी देते. हे नवं ज्ञान नाही. १९७८ साली कालेंडा या डॉक्टरने छाती दाबण्याची परिणामकारकता या रेषेवरून ओळखता येते, असं लिहून ठेवलेलं आहे. ते रोजच्या कामात रुळायला मात्र फार वर्षं गेली.

तर आकडा ८. कमी आकडा दिसला की मी आधी आमच्याच कामाकडे बघते. ब्रदर दमला होता, त्याचे हात पुरते वर येत नव्हते. छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जायला हवी आणि पुढच्या दाबाआधी पूर्ण वरही यायला हवी. ती वर येताना हृदयात रक्त भरतं, नाहीतर पुढच्या दाबाने ढकलायचं काय? माणूस बदलला. ताज्या दमाची रजिस्ट्रार स्टुलावर चढली आणि दहा-पंधरा सेकंदांत आकडा ८ वरून ११ झाला. ट्यूबमधून श्वास देण्यासाठी हाताने पिळायच्या बॅगवर इंटर्न होता. तो घाबरलेला होता आणि भराभरा बॅग पिळत होता, मिनिटाला तीसेक वेळा तरी. हे मी प्रत्येक सीपीआरमध्ये बघते. घाबरलेला हात बॅगवर पडला की तो वेगच पकडतो. जास्त श्वास दिले की छातीतला दाब वाढतो, शिरांमधून हृदयाकडे येणारं रक्त अडतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि आकडाही खोटाच खाली जातो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "माझ्याबरोबर मोज. सहा सेकंदांना एक श्वास. बाकी वेळ हात नुसता ठेव." तो मोजायला लागला.

अॅड्रिनलिनचा पहिला डोस गेला होता, दुसरा गेला. प्रत्येक डोसनंतर आकडा एखाद-दोन अंकांनी उतरत होता. तसा तो उतरतो. औषध रक्तवाहिन्या आवळतं आणि फुप्फुसातला प्रवाह काही वेळ घटतो. अनुभव नसेल तर वाटतं, रुग्ण बिघडला. कोणीतरी सोडाबायकार्ब देऊ का विचारलं. मी नको म्हटलं. या रुग्णात त्याची गरज नव्हती, आणि त्याच्यातून कार्बन डायऑक्साइडच तयार होतो, त्यामुळे पुढची काही मिनिटं आकडा फुगला असता आणि आम्हाला वाटलं असतं की सुधारणा होतेय.

दहा-बारा मिनिटांनंतरचं चित्र असं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलतोय, वेग ११० च्या आसपास, खोली बरोबर, बॅग सावकाश. इतकं शिस्तीतलं सीपीआर रोज बघायला मिळत नाही. आणि आकडा ७, ९, ८, ९. अकरा दिसला तेवढाच. मेहनत आणि आकडा यांचा मेळ बसत नव्हता, आणि मला त्याच गोष्टीने अस्वस्थ केलं. छाती दाबण्यात खोट नाही, ट्यूब जागेवर आहे, श्वास मोजके आहेत, मग कार्बन डायऑक्साइड बाहेर का येत नाही? एक उत्तर असं की रुग्ण आता हाताबाहेर गेलाय. दुसरं असं की वायू शरीरात आहे, रक्तातही आहे, पण फुप्फुसाच्या दारात काहीतरी आडवं आलंय.

सीटीचा फॉर्म ट्रॉलीच्या गादीखाली अर्धा दबून राहिला होता. सिस्टरने तो ओढून काढला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला.

फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली की त्या भागातल्या वायुकोशांत हवा जाते-येते पण रक्त पोचत नाही. रक्त नाही तर वायूची देवाणघेवाण नाही. आत गेलेली हवा तशीच बाहेर येते, कार्बन डायऑक्साइड न घेता, आणि आकडा खाली ओढते. म्हणजे अशा रुग्णात आकडा दोन कारणांनी पडतो. एकूण रक्तप्रवाह कमी, आणि जो आहे तोही हवा भरलेल्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. इथे कमी आकडा आजाराचंच लक्षण असतो.

पण हे सिद्ध कसं करायचं? जांघेतल्या धमनीतून रक्त काढून गॅस मशीनवर पाठवलं. त्यात कार्बन डायऑक्साइड ७४. म्हणजे रक्तात ७४ आणि उच्छ्वासात ९. ही दरी प्रचंड होती, पण कुठल्याही कार्डियाक अरेस्टमध्ये ती रुंदावतेच, तेवढ्यावर पुरावा म्हणता येत नाही. नाडी तपासायला थांबतो त्या दहा सेकंदांत एको (हृदयाची सोनोग्राफी) केला. प्रोब आधीच बरगड्यांखाली टेकवून ठेवला होता. तेवढ्यात क्लिप साठवली, छाती दाबणं परत सुरू झालं आणि मग क्लिप बघितली. उजवा कप्पा फुगलेला, डावा चिंबून गेलेला. यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण हृदय बंद पडून काही मिनिटं झाली की कारण काहीही असो, उजवा कप्पा फुगतो. मग तोच प्रोब प्लॅस्टरच्या पायाच्या मांडीवर, जांघेजवळच्या शिरेवर ठेवला आणि दाबला. निरोगी शीर प्रोबच्या दाबाने कागदासारखी मिटते. ही मिटली नाही. आत करडी, घट्ट गुठळी स्पष्ट दिसत होती. पायातली अशीच गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. छाती दाबणाऱ्या हातांना यासाठी एक सेकंदही थांबावं लागलं नाही.

मी गुठळी विरघळवणारं औषध मागितलं, अल्टेप्लेज ५० मिलिग्रॅम, एका दमात. ते पावडरच्या रूपात येतं, पाण्यात मिसळावं लागतं आणि हलवून चालत नाही, फेस होतो. सिस्टर बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत होती, आजूबाजूला सगळे ओरडत असताना. तिच्या हातात जराही घाई नव्हती. मी तिच्या तळव्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, विरघळ, विरघळ. सतराव्या मिनिटाला औषध शिरेत गेलं.

विसाव्या मिनिटाला फिजिशियन सर आले. ते माझ्याहून ज्येष्ठ, अतिशय सरळ आणि रुग्णाशी प्रामाणिक राहणारे. त्यांनी नोंदींचा कागद वाचला, मॉनिटर बघितला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वीस मिनिटं झाली. नऊ. एकदाही टिकून दहाच्या वर नाही. थांबायला हवं." त्यांच्या म्हणण्यात निष्ठुरपणा नव्हता. ज्याचा उपयोग नाही असं सीपीआर रेटत राहणं हाही रुग्णावर अन्यायच असतो, असं ते मानतात, आणि मीही मानते.

हा दहाचा आकडा आणि वीस मिनिटं मुख्यतः १९९७ च्या एका अभ्यासामुळे सगळ्यांच्या डोक्यात बसली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आला होता. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले १५० रुग्ण, सगळ्यांना ईसीजीवर ठोके पण नाडी नाही. वीस मिनिटांनी ज्यांचा आकडा १० किंवा त्याहून कमी होता त्यांच्यातला एकही वाचला नाही. ज्यांचा जास्त होता ते सगळे रुग्णालयात दाखल होईपर्यंत जगले. वाचले नाहीत त्यांची सरासरी ४.४, जगले त्यांची ३२.८. इतकी स्वच्छ फारकत वैद्यकात सहसा दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांना पाठ झाली. पण नीट वाचलं तर काही गोष्टी खटकतात. तिथे 'जगले' म्हणजे दाखल होईपर्यंत जगले, शुद्धीवर येऊन घरी गेले असा त्याचा अर्थ नाही. बत्तीस हा आकडा नुसती छाती दाबून सहसा मिळत नाही, तो बहुतेक वेळा स्वतःहून धडधडणाऱ्या हृदयाचा असतो. आणि ते सगळे रुग्ण रुग्णालयाबाहेर कोसळलेले. २०१५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच शब्द जपून वापरले. ट्यूब टाकलेल्या रुग्णात वीस मिनिटांनंतरही आकडा दहाच्या वर जात नसेल, तर थांबण्याचा निर्णय घेताना त्याचा एक घटक म्हणून विचार करावा, एकट्या त्याच्यावर निर्णय घेऊ नये. ट्यूब टाकलेली नसेल तर थांबायचं की नाही यासाठी तो वापरूच नये.

माझी त्याहून मोठी तक्रार वेगळी आहे. आकडा कमी दिसला की टीमचा धीर सुटतो. दाबणारे हात सैलावतात, कोणीतरी 'थांबूया का' म्हणतं, थांबलं की रुग्ण जातो आणि कागदावर उरतं, आकडा कमी होता, रुग्ण गेला. पुढच्या वेळी तोच कागद पुरावा म्हणून वापरला जातो. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. ज्या गोष्टीवरून आपण थांबतो तीच गोष्ट मृत्यूचा अंदाज किती अचूक सांगते, हे त्याच रुग्णांवरून तपासणं सोपं नाही.

हे सगळं मी त्या क्षणी बोलले नाही. एवढंच म्हटलं, "सर, मांडीच्या शिरेत गुठळी आहे. अल्टेप्लेज जाऊन तीन मिनिटं झालीत. हा आकडा एम्बोलिझमचा असू शकतो. हे औषध दिल्यावर साठ ते नव्वद मिनिटं सीपीआर चालू ठेवतात." त्यांनी स्क्रीनवरची शिरेची क्लिप मागितली. बघितली. मग कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "पुढची पाळी माझी."

पुढच्या वीसेक मिनिटांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दाबायचं, बदलायचं, मोजायचं. आणखी दोघांना वॉर्डातून बोलावलं, कारण दमलेल्या माणसांच्या सीपीआरचा आकडा वाचण्यात अर्थ नसतो. पंचविसाव्या मिनिटाला ९. एकोणतिसाव्याला ११, आणि या वेळी माणूस बदलल्यावरही तो टिकला. इंटर्न अजून मोजत होता, घसा बसला होता तरी. तेहतिसाव्याला १४. मला आशा वाटली ती त्या चौदामुळे नाही, त्याच्या दिशेमुळे. तेच हात, तोच वेग, तेवढेच श्वास, तरी जास्त वायू बाहेर येत होता. म्हणजे वाट मोकळी होत होती. सदतिसाव्याला १९. मग एका बदलाच्या मधोमध, कोणी काही वेगळं केलेलं नसताना, उंचवटे एकदम चढले. २६, ३१, ३६. सर अजून दाबतच होते. मी म्हटलं, "सर, थांबा, नाडी बघते." मानेला बोटं लावली तेव्हा नाडी होती, बारीक पण स्वतःची. त्रेचाळिसावं मिनिट.

एम्बोलिझममध्ये उसळी इतरांसारखी उंच जातेच असं नाही, कारण गुठळी अजून पूर्ण गेलेली नसते. इथे खरी कसोटी लागते. मॉनिटरवर ३६ बघून कुणालाही वाटेल की श्वसन अगदी नॉर्मल चाललंय. लगेच धमनीतलं रक्त तपासलं तर ७१. उच्छ्वासात ३६, रक्तात ७१. या आकड्यावर व्हेंटिलेटर लावला असता तर आम्ही रक्तातला दुप्पट कार्बन डायऑक्साइड तसाच राहू दिला असता. उलट ७१ बघून घाबरून श्वासाचा वेग एकदम वाढवला असता तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या असत्या, आणि नुकत्या उपाशी राहिलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटला असता. कार्बन डायऑक्साइड वाढला तर मेंदूच्या वाहिन्या सैलावतात, म्हणून तो मुद्दाम थोडा जास्त ठेवला तर मेंदू वाचेल का, हेही तपासून झालंय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'टेम' चाचणीत १७ देशांतल्या १७०० रुग्णांवर हा प्रयोग झाला, एका गटात ५० ते ५५, दुसऱ्यात नेहमीचा ३५ ते ४५. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या मेंदूच्या स्थितीत फरक आढळला नाही. या बाईच्या बाबतीत तर जास्त ठेवणं घातकच होतं, कारण कार्बन डायऑक्साइड वाढला की फुप्फुसाच्या धमन्या आवळतात आणि थकलेल्या उजव्या कप्प्यावरचं ओझं वाढतं. म्हणून बेताबेताने, दर अर्ध्या तासाने रक्त तपासत, तो खाली आणला. नॉरअॅड्रिनलिनवर रक्तदाब धरला. औषधामुळे आणि मोडलेल्या बरगड्यांमुळे छातीत रक्त साठलं, नळी घालावी लागली, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तात ४२, उच्छ्वासात ३६. दरी मिटत आली होती आणि गुठळी विरघळल्याचं तेच सगळ्यात सुरेख चिन्ह होतं.

तिच्या नवऱ्याने त्या रात्रीच विचारलं होतं, "मॅडम, ती शुद्धीवर येईल ना?" मी त्याला बसवून सांगितलं, हृदय चालू झालंय, मेंदूचं आज कोणीच सांगू शकत नाही. तो म्हणाला, "पण तुमच्याकडे एवढी मशिनं आहेत." त्याला काय उत्तर द्यावं, हे कठीण होतं. ज्या आकड्याने आम्ही रक्तप्रवाह मोजला, तो या प्रश्नाला उत्तर देत नाही. आकडा चांगला असणं म्हणजे हृदय परत चालू होण्याची शक्यता जास्त. मेंदू किती शाबूत राहिला, यासाठी निदान ७२ तास थांबायचं, ताप येऊ द्यायचा नाही, मग डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), मनगटाची नस उत्तेजित करून मेंदूत संदेश पोचतो का ते बघणं, रक्तातले काही घटक, स्कॅन, हे सगळं एकत्र ठेवून बोलायचं. त्यातलंही कुठलं एक एकट्याने निकाल देत नाही. तिसऱ्या दिवशी झोपेचं औषध कमी केल्यावर मी तिला हात दाबायला सांगितलं. तिने दाबला. सोडा म्हटल्यावर सोडला. दाबणं प्रतिक्षेपाने होऊ शकतं, म्हणून सोडायला सांगायचं असतं.

पुढे ती चालत घरी गेली. काही महिने नावं विसरायची, दम लवकर लागायचा, गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या.

आकड्याचा उलटा उपयोगही तितकाच खरा आहे, हे मला रजिस्ट्रारना मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर या केसवरून ते 'आकडा बघूच नका' असा धडा घेतात. २०११ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका छोट्या गावात एक माणूस कोसळला आणि लोकांनी पाळीपाळीने ९६ मिनिटं त्याची छाती दाबली. तिथले लोक थांबले नाहीत याचं एक कारण कॅप्नोग्राफ होता. तो तीसच्या आसपास आकडा दाखवत राहिला, म्हणजे रक्त खरोखर पोचत होतं. तो माणूस मेंदू शाबूत ठेवून घरी गेला. आणि आमच्याच आयसीयूत, त्या बाईनंतर काही आठवड्यांनी, जुनाट आजारांनी खंगलेले एक आजोबा. पहिला आकडा १३, मग ९, मग ६, मग ५. एको केला, रक्त तपासलं, दूर करता येण्यासारखी कारणं एकेक करून बघितली, काही सापडलं नाही. दिशा सतत खाली. तिथे आम्ही थांबलो, आणि तो निर्णय मी मनापासून बरोबर मानते.

त्या बाईच्या केसनंतर आमच्या चर्चेत सर म्हणाले, "मांडीची शीर दिसली नसती तर मी थांबलोच असतो, आणि माझ्या मते तेही बरोबर ठरलं असतं." मला ते पटलं. मग आम्ही दोघांनी बसून सीपीआरच्या नोंदींचा तक्ता बदलला. आता दर दोन मिनिटांना आकडा लिहायचा, त्याच्या शेजारी दाबणारा कधी बदलला ते, बॅगचा वेग, आणि अॅड्रिनलिनची वेळ. विसाव्या मिनिटाच्या ओळीत एक वेगळा रकाना आहे, 'आकडा कमी का?' तिथे 'माहीत नाही' लिहिलं तरी चालतं, पण आधी काय काय तपासलं ते लिहावं लागतं. रकाना कोरा असेल तर मी तक्ता रजिस्ट्रारकडे परत पाठवते.